दिवा खाली कर

ताई,

मी २६ वर्षांचा आहे, हडपसरला राहतो. दिवसभर ऑफिस, त्यामुळे वर्षभरापासून रात्रीची माउंटन बाइक चालवतो. दिवे घाट चढायचा, वर पोचलं की डांबरी सोडून झेंडेवाडीच्या बाजूच्या माळावर शिरायचं, दोन तास भटकून परत. बहुतेक वेळा एकटाच असतो. हेल्मेटवर एक दिवा, हँडलवर एक.

पौषातल्या अमावस्येला नेहमीसारखा गेलो. आधी वाटेवर दोन लाल डोळे दिसले, अगदी जमिनीलगत. मी जवळ जाईपर्यंत हलले नाहीत आणि मग आवाज न करता सरळ वर हवेत गेले. थोड्या वेळानं एखादी बाई गळा काढून रडावी तसा आवाज आला. मी घाबरून वाट बदलली, तर एकाच बाभळीपाशी तीन वेळा आलो. तिसऱ्या वेळी बाभळीच्या खालच्या अंगाला एक म्हातारा उभा दिसला. पांढरं धोतर, डोक्यावरून काहीतरी पांघरलेलं, खांद्यावर लांब काहीतरी. पाय दिसत नव्हते, पायांच्या जागी नुसतं चकाकत होतं. त्यानं एक हात डोळ्यांपुढे आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं मला परत परत खाली, खाली अशी खूण केली. जमिनीत बोलावतोय असं वाटलं. मी सायकल वळवली आणि घाट उतरेपर्यंत मागे पाहिलं नाही.

आईला सांगितलं. तिचं माहेर जेजुरीकडचं. तिनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि सायकल विकून टाक म्हणाली. मित्र हसतात. मी काय करू? आणि मला दिसलं ते काय होतं?

– रात्रीचा सायकलस्वार, हडपसर

*

प्रिय मित्रा,

तू जे लिहिलंस ते तुला तसंच दिसलं, याबद्दल मला शंका नाही. जे हसतात त्यांना एकदा अमावस्येला त्या माळावर एकटं उभं करायला हवं. मी स्वतः चौदा-पंधरा वर्षं रात्रीची सायकल चालवते, त्यातली बरीचशी सासवडच्या बाजूला. म्हणून तुझं पत्र वाचताना मला एकेक जागा डोळ्यांपुढे दिसत होती.

डोळ्यांपासून सुरुवात करते, कारण ते सोपं आहे. तुला भेटला तो रातवा. कबुतराहून थोडा लहान पक्षी, अंगावर वाळक्या पाचोळ्याची नक्षी, दिवसा पायाखाली आला तरी दिसत नाही. रात्री उघड्या वाटेवर पोट टेकून बसतो आणि वरून जाणारे किडे टिपतो. त्याच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, मिणमिणत्या उजेडाचाही दोनदा उपयोग व्हावा म्हणून. त्यावर तुझा दिवा पडला की निखाऱ्यासारखे डोळे पेटतात. तो शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही आणि उठला की पंखांचा आवाज येत नाही. तू म्हणतोस ते ‘सरळ वर हवेत गेले’, ते हेच. आणखी एक गोष्ट पाहा. असे डोळे हेल्मेटच्या दिव्यात जास्त दिसतात, कारण उजेड ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं परत येतो आणि हेल्मेटचा दिवा आपल्या डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. पुढच्या वेळी नुसता हँडलचा दिवा ठेवून बघ, निम्मे डोळे नाहीसे होतील. गवतात हिरवट-पांढरे ठिपके चमकताना दिसले असतील तर ते कोळी. एकेका गवताच्या पट्ट्यात शेकड्यांनी असतात.

रडणाऱ्या बाईबद्दल. आवाज एकाच गळ्यातून, हळू सुरू होऊन चढत गेला आणि वर जाऊन तुटला असेल, तर तो करवानक. टिटवीच्या जातीकुळीतला, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा, दिवसभर झुडपाखाली पुतळ्यासारखा उभा राहणारा पक्षी. रात्री चारा शोधायला निघतो आणि ओरडतो तेव्हा भल्याभल्यांच्या अंगावर काटा येतो. अनेक गळे एकाच वेळी लागले असतील तर ती कोल्हेकुई. तू ‘एखादी बाई’ म्हणतोस, म्हणून मी करवानकाच्या बाजूनं आहे. बिचाऱ्या टिटवीलाही आपण असंच बदनाम केलंय, रात्री ओरडली की कोणीतरी जाणार म्हणून. ती उघड्या माळावर दगडांत अंडी घालते आणि कोणी जवळ आलं की जिवाच्या आकांतानं ओरडते. उन्हाळ्यात त्या माळावर सायकल घातलीस आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर तिथंच थांब आणि आल्या चाकानं मागे फिर.

आता बाभळ. आपल्याकडे याला चकवा म्हणतात, आणि तो लागतो हे मी मनापासून मान्य करते. माझे आजोबा सांगायचे, चकवा लागला तर चालत राहायचं नाही, असशील तिथं बूड टेकायचं आणि तांबडं फुटायची वाट पाहायची. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी हाच प्रश्न माणसांना प्रत्यक्ष चालवून पाहिला. काहींना जर्मनीतल्या जंगलात आणि काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं, त्यांची वाट नोंदवायला सोबत जीपीएस दिलं आणि सरळ चालत राहा म्हणून सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलं तशी गोल फिरली, काहींनी आपलीच वाट ओलांडली आणि त्यांना ते कळलंही नाही. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसेनासा झाल्यावर वळत वळत आल्या दिशेलाच निघाला. दूरची एखादी स्थिर खूण नसली की दर पावलाची बारीक चूक साठत जाते आणि आपल्याला मात्र आपण नाकासमोर चाललोय असंच वाटतं.

तुझ्याकडे त्या रात्री दूरची खूण नव्हती असं नाही. तुझ्या दिव्यानं ती पुसली होती. पुढचे तीस-चाळीस मीटर दुधासारखे उजळलेले आणि त्यापलीकडे काळी भिंत. दिवा विझवून पाच मिनिटं उभा राहिला असतास तर वायव्येला पुण्याचा तांबूस उजेड आभाळात चढलेला दिसला असता आणि दक्षिणेकडे पुरंदर-वज्रगडाची जोडी. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पण एवढं ओळखायला पाच पुरतात. आजोबांचं ‘बूड टेकायचं’ मला आता त्यासाठी पटतं.

आणि आता त्या म्हाताऱ्या बाबांबद्दल. तुझ्या पत्रात त्यांना पाच-सहा ओळी आहेत. माझ्या मते सगळं पत्र त्यांचंच आहे.

पौष महिना, रात्रीची वेळ, बाभळीच्या खालच्या अंगाला उतार, पायांच्या जागी चकाकणारं काहीतरी, खांद्यावर लांब दांडा. अरे, ते दारं धरत होते. शेतीची लाईट आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आठवड्याचे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की माणसाला कांदा, हरभरा, गहू भिजवायला रात्रीच जावं लागतं. मोटार चालू करायची, पाटानं पाणी येतं, एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं दार बंद करायचं आणि पुढच्याचं मोडायचं. हे पहाटेपर्यंत, घोट्याएवढ्या गार पाण्यात, घोंगडी डोक्यावरून घेऊन. पाय दिसले नाहीत कारण ते पाण्यात आणि पिकात होते. चकाकत होतं ते तुझ्याच दिव्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. खांद्यावर खोरं होतं.

त्यांची खूण काय असावी याचा मला अंदाज आहे. त्याचं कारण सांगायला मला जड जातं, पण सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चौघं सासवडच्या पलीकडे एका डोंगरउतारावरून खाली येत होतो. प्रत्येकाकडे हजार-हजार ल्युमेनचे दोन दिवे. खाली बांधावर एक काका उभे होते, साठीच्या पुढचे. त्यांनी हात डोळ्यांपुढे धरला आणि दुसऱ्या हातानं खाली, खाली केलं. अगदी तुझ्यासारखंच. आम्हाला वाटलं, ‘हळू या’ म्हणतायत. आम्ही वेग कमी केला आणि दिवे तसेच त्यांच्या तोंडावर ठेवून पुढे आलो. त्यांना काही म्हणजे काही दिसेना. ते बाजूला व्हायला एक पाऊल मागे सरले आणि पाठमोरे पाण्याच्या चारीत पडले. कमरेएवढं पाणी, जानेवारीचं. आम्ही सायकली टाकून धावलो. वर काढलं तेव्हा त्यांचा उजवा घोटा टरारून सुजत होता आणि हातातली बॅटरी पाण्याखाली तशीच जळत होती. ती तळाशी पडलेली पिवळी बॅटरी मला अजून दिसते.

त्यांना धरून घरी नेलं. काकूंनी दार उघडायला वेळ लावला. नंतर चहा देताना कारण सांगितलं. त्यांनी ओट्यावरून डोंगरावर चार पांढरे गोळे उतरताना पाहिले होते. गाडी असेल तर आवाज येतो, यांचा आवाज नाही. मध्येच झाडाआड जातात, पुन्हा पेटतात, एकामागे एक. त्यांच्या सासूबाई आग्या वेताळाच्या गोष्टी सांगायच्या, तसंच हे. नातवंडांना आत ओढून त्यांनी कडी लावली होती आणि नवरा बाहेर रानात एकटा आहे म्हणून देवापुढे बसल्या होत्या. काका म्हणाले, ‘मी हातानं सांगत होतो, दिवा खाली कर, दिवा खाली कर.’ रागावले नाहीत. मीच तो चहा कसाबसा प्यायले.

त्या घोट्यानं काकांचे पुढचे दोन आठवडे गेले आणि कांद्याला पाणी द्यायला त्यांच्या मुलाला कामावरून सुट्टी काढून यावं लागलं. आमची हौस, त्यांचा हंगाम. तेव्हापासून हेल्मेटचा दिवा मी उतरणीवर, तोही वाट अवघड असेल तरच लावते. माणूस दिसला की पहिलं काम म्हणजे दिवा जमिनीकडे वळवायचा, पन्नास पावलं आधी घंटा वाजवायची आणि तोंडानं ‘राम राम, सायकलवाले आहोत’ असं मोठ्यानं म्हणायचं. माणसाचा आवाज ऐकला की समोरच्याची धडधड कमी होते, आणि आपलीही.

दिव्याबद्दल आणखी थोडं, कारण भास निम्मे त्याच्यामुळेच होतात. नुसत्या हेल्मेटच्या दिव्यात सावल्या दिसत नाहीत, त्यामुळे खड्डा आणि सपाट जमीन सारखीच वाटते. हँडलचा दिवा खालून असल्यानं खड्ड्याला सावली देतो, म्हणून भरवसा त्याच्यावर ठेव. पण तोच दिवा हँडल हललं की प्रत्येक झुडपाची सावली फिरवतो, आणि ‘कोणीतरी बाजूनं पळतंय’ असं वाटतं. डोळ्याच्या कडेला अंधूक उजेडातली हालचाल जास्त जाणवते, ती जुन्या काळी जीव वाचवायला उपयोगी होती. थकलेला असशील, पाणी प्यायला विसरला असशील, तर आणखीच. सायकल चांगली चालवतोस म्हणून दोन तास न थांबता जाऊ नकोस.

मात्र बाबांनी तुला केलेली खूण दिव्याचीच असेल असं धरून चालू नकोस. पुढे बांध फुटून वाट वाहून गेलेली असू शकते. आपल्या माळाकाठी कठडा नसलेल्या विहिरी कितीतरी आहेत, दिव्याच्या झोतात त्या सपाट काळ्या गवतासारख्या दिसतात. आणि ज्याची मला सगळ्यात भीती वाटते ते म्हणजे रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सोडलेली वीज. हे बेकायदा आहे, त्यानं माणसं मेली आहेत, तरी काही ठिकाणी चालतं. म्हणून रात्री कुणाच्याही शेतातून, बांधावरून, तारेखालून सायकल काढायची नाही. वाट हरवली तर आल्या वाटेनं परत फिरायचं, नवी शोधायची नाही.

जनावरांचं सांगते. सासवडकडच्या माळांवर लांडगा आहे, तरस आहे. पाठ मागे उतरती आणि मानेवर केस असलेलं, कुत्र्याएवढं काही उजेडाच्या कडेनं जाताना दिसलं तर ते तरस. त्याच्या नावानं आपल्याकडे वाट्टेल ते सांगतात, पण ते मुख्यतः मेलेलं खातं आणि माणूस दिसला की निघून जातं. थांब, जाऊ दे. बिबट्याचं तसं नाही, त्याचा मान ठेवायला हवा. सायकलवर आपण वाकलेले, बुटके आणि पळणारे असतो, हे त्याच्या नजरेनं बघ. समोर आला तर उतर, सरळ ताठ उभा राहा, सायकल पुढे धर, मोठ्यानं बोल आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे हो. पळायचं नाही, खाली वाकून बसायचं नाही. वनविभागाचा १९२६ हा नंबर फोनमध्ये ठेव. धनगरांचा वाडा बसला असेल तर कुत्री अंगावर येणारच, ती त्यांचं काम करतात. तिथंही तेच, उतरायचं, सायकल मध्ये घ्यायची, चालत जायचं आणि वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या, जवळून न जाता लांबून वळसा घ्यायचा.

सापांसाठी एवढंच की सायकलवरून उतरताना पाय टेकण्याआधी जमीन बघ. मण्यार रात्रीची फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. शंका जरी आली तरी आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही न करता १०८ आणि सरळ दवाखाना. अभयारण्यात सूर्यास्तानंतर जायला मनाई असते, ती आपल्यालाही लागू आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

आता तुझा प्रश्न. सायकल विकू नकोस. रात्र ज्याला आवडली त्याला ती परत बोलावणारच, आणि त्यात काही वाईट नाही. पण एकट्यानं जाणं आजपासून बंद. इथं मी पूर्णपणे तुझ्या आईच्या बाजूनं आहे. तिला भुताची भीती वाटते की खड्ड्यात पडून रात्रभर कोणाला न सापडण्याची, हे तिनं तुला नीट सांगितलं नसेल, पण दोन्हींवर उपाय एकच आहे. कमीत कमी तिघं जा. एक पडला तर एकानं जवळ थांबायचं, एकानं मदत आणायची. कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून जा आणि त्यात मध्येच बदल करू नकोस. जादा दिवा, शिट्टी आणि भरलेला फोन हे खिशात हवं, सायकलच्या पिशवीत नव्हे, कारण पडलास तर सायकल एकीकडे आणि तू एकीकडे असतोस.

आणि एक काम माझं म्हणून कर. या रविवारी सकाळी आईला घेऊन त्या बाभळीपाशी जा. सायकलनं नको, गाडीनं. खालच्या अंगाला शेत असेल, आता कांदा गुडघ्याला आला असेल. कोणी असेल तर राम राम घाल आणि त्या रात्री मीच होतो म्हणून सांग. पुढे वाटेवर काय होतं ते विचार, माझ्यापेक्षा त्यांना नक्की ठाऊक असेल. त्यांच्याही घरात त्या रात्रीची काहीतरी गोष्ट झालेली असणार, ती ऐकून घे आणि मध्ये बोलू नकोस.

निघण्याआधी घरी आईपुढे उभा राहा आणि बाबांनी केलेली खूण तिला करून दाखव. शब्दांत सांगू नकोस. एक हात डोळ्यांपुढे आडवा, दुसरा खाली, खाली. जेजुरीच्या रानात जिचे वडील रात्रीच्या लाईटला पाणी भरायला जात असतील आणि जी त्यांच्यामागे कंदील नाहीतर बॅटरी घेऊन बांधावर उभी राहिली असेल, तिला ‘दिवा खाली कर’ हे कितीदा ऐकायला लागलं असेल ते तिलाच विचार.

– ताई